विजेच्या खांबापुढचं इंजिन

पलसाण्यात एका मिलच्या बॉयलरचा कोळशाचा धूर नाकात शिरला आणि आमच्या कोसाडच्या घरातली जुनी दुपार आठवली. जमवलेल्या वाफेच्या इंजिनांच्या फोटोंमागे मी साल लिहीत होतो. आईने एक फोटो उचलला आणि इंजिनाच्या खिडकीवर बोट ठेवून मला म्हणाली,

"भाऊ, खिडकीमा देख. तुना बाबा!"

बाबा रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते. मी पाळण्यात असतानाच ते वारले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. पण या इंजिनामागे विजेचा खांब होता, आणि आमच्या रेल्वेमार्गावर वीज ते गेल्यानंतर आली. मी तो खांब आईला दाखवला.

"माले बी दिसस तो," ती म्हणाली. "तू साल लिख. तुना बाबा मान तिरपी करीसन मालेच देखतस."

मी खरं साल लिहिलं. तिने फोटो देव्हाऱ्याजवळ लावला.

आता आई नाही. दिवा लावताना मी फोटोतल्या त्या खिडकीकडे बघतो. तो माणूस माझ्याकडे बघत नाही. आई बसायची त्या कोपऱ्याकडे बघतो.