टेबलावरची नळी

जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, माझ्या लाळेची नळी उभी आहे. खिडकीतलं ऊन पडलं की आतले बुडबुडे चमकतात. सकाळी संशोधन केंद्रातली मुलगी पहिली नळी न्यायला आली, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "आत्ताच दात घासून, खळखळून गुळण्या करून दिलीय हं."

ती हसायलाच लागली. "अहो आजी, आम्हाला हव्या त्या तोंडातल्या पेशी सगळ्या तुम्ही बेसिनमध्ये सोडल्यात! नवीन नळी ठेवते, संध्याकाळी नेते."

आता ती भरून ठेवली आहे आणि माझं कशात लक्ष लागत नाही. दोनदा टेबल पुसून झालं.

बाळांनो, त्या साथीच्या तापात तुमचे आजोबा गेले. मी त्यांच्याच खोलीत होते, त्यांचा उरलेला चहासुद्धा प्यायले. मला साधी शिंक आली नाही. इतकी वर्षं मी त्याचं श्रेय उकळलेल्या पाण्याला देत आले. पण ते पाणी तर तेही पीत होते.

ती मुलगी म्हणाली, एकच विषाणू एकाला नेतो आणि दुसऱ्याला शिवतही नाही, याचं कारण कदाचित जनुकांत असेल. माझ्यासारख्यांची जनुकं तपासून ते सापडलं, तर पुढच्यांसाठी औषध शोधता येईल.

फोनवर तुम्ही दिसलात की मी नेहमी म्हणते, नाक थेट आजोबांचं! आणि सुखावते. आज या नळीकडे बघताना पहिल्यांदाच वाटतं, नाक त्यांचं असू दे, हसणंही त्यांचंच असू दे; पण आत, न दिसणारं, माझं काहीतरी तुमच्यात उतरलेलं असू दे.