शेवटच्या रांगेतला हात

प्रयोगाची जागा नवी असली की इंदूताई टेम्पोतलं सामान उतरवू देत नसत. चपला विंगेत काढायच्या, रिकाम्या स्टेजच्या मधोमध उभं राहायचं आणि घरात बोलतो तशा आवाजात म्हणायचं, "भात लावलाय, जेवून जा." मी शेवटच्या रांगेत. ऐकू आलं तर हात वर करायचा. कंपनीतलं माझं खरं काम तेवढंच. भूमिका म्हणाल तर हवालदार, नाही तर पोस्टमन.

"ओरडायला काय, भाजीवालाही ओरडतो. मला बोलायचंय," त्या म्हणत. "आणि रघ्या, खोटा हात वर केलास तर याद राख!"

कंपनी त्यांची, मोठी भूमिका त्यांची, शिव्याही त्यांच्याच. सुरुवात पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. मग ओझरला कारखान्याच्या वसाहतीत, मग शहरातलं नाट्यगृह, आणि ते दुरुस्तीला बंद पडलं तेव्हा चक्क लग्नाच्या लॉन्सवर. एकदा दिंडोरीला द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये प्रयोग होता. वर पत्रे, आवाज नुसता घुमायचा. माझा हात काही वर आला नाही. ताईंनी पदर खोचला आणि स्टेजच्या फळ्या उचलून शेडच्या मध्यावर आणायला लावल्या. "मागच्यानंही तिकीट काढलंय, मेल्यांनो, फुकट नाही आलेला!" प्रयोग काय रंगला म्हणून सांगू!

पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलू नका. त्या कुणाचं ऐकतात! नाट्यगृह पुन्हा उघडलं, तर पहिला प्रयोग मीच करणार म्हणून हटून बसल्या. त्यांची भाची प्राजक्ता म्हणाली, "मावशी, कॉलर माइक लावू ना." ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याचा हात वर आला तर मी. नाही तर तू."

मी मागे जाऊन बसलो. ताई मधोमध उभ्या राहिल्या. ओठ हलले. वाक्य मला पाठ होतं, पण ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. माझे हात मांडीवरच राहिले. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

त्यांनी चपला घातल्या, सावकाश चालत आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "बरं केलंस," घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आता पोरीला उभी कर." प्राजक्ता स्टेजवर गेली, तेच वाक्य बोलली. आम्ही दोघांनी हात वर केले.

थोड्याच दिवसांत ताई गेल्या. शोकसभा त्याच नाट्यगृहात झाली. मी सवयीनं शेवटच्या रांगेत बसलो. सगळे माइकवर बोलले, शब्द न् शब्द ऐकू आला. माणसं रडत होती. माझे डोळे ठणठणीत कोरडे. काय माणूस आहे, असंच वाटलं असेल लोकांना.

पुढच्या प्रयोगाला निघालो होतो. दाराशी बसून बूट घालत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, भात लावलाय, जेवून जा."

माझा हात वर गेला.

ती बाहेर आली, बघतच राहिली. "काय हो, काय झालं?"

मला तो खाली घेता येईना.