भिंतीकडे वळवलेली खुर्ची

आखडलेल्या खांद्यासाठी मी देवपूरच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायचो, तेव्हा एक आबा रोज दिसायचे. डोक्याला पांढरी टोपी, मांडीवर सुनेची पिशवी. सुनेच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच स्नायूंवर उलटली होती. तिचे हात खांद्याच्या वर जायचे नाहीत. डॉक्टरीणबाई तिच्या डोक्यावर ओले स्पंज बांधून अगदी सौम्य वीज सोडायच्या आणि त्याच वेळी हातांचा व्यायाम घ्यायच्या. "यानं रोग जाणार नाही. मेंदूचा हुकूम हातापर्यंत जरा जोरात पोचावा, एवढीच आशा," असं त्या स्वच्छ सांगत.

स्पंज बांधायला सुनेचा डोक्यावरचा पदर खाली घ्यावा लागे. लगेच आबा खुर्ची भिंतीकडे वळवून बसत. मला वाटलं, म्हातारा तुसडा दिसतोय. एकदा विचारलंच.

"ती सासरासमोर उघडा डोकानी कशी बसी?" ते म्हणाले. "तिना हात चालतस नही, मंग तिना पदर माले सांभाळना पडस."

उपचार संपला की बाई तिच्या डोक्यावर पदर घालत आणि आबांना हाक मारत. एके दिवशी त्या पुढे झाल्या, तर सुनेनं मानेनंच नको म्हटलं. तिचा हात कानाशी अडला, थांबला आणि पदर घेऊन वर गेला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आबा तेवढे भिंत बघत होते.

"आबा, फिरा आते," सून म्हणाली.

ते वळले. "पदर कोनी लिधा?"

"मी."

आबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढत खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली.