हाराखालच्या फिती

आत्याबाई व्हिजिट व्हिसावर बहारीनला आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन नऊवारी लुगडी, कांदा-लसूण चटणीचा डबा आणि माझ्या सासऱ्यांचा फोटो होता. फोटो चौकटीसकट, काचेसकट, वर चंदनाचा हार. झिंजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरल्यावर त्यांनी आधी भिंतीवर रिकामा खिळा शोधला आणि मग पाणी प्यायल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक तरी फौजी, त्यामुळे लढाईच्या गोष्टी तिथं पीकपाण्यासारख्या बोलल्या जातात. दुसऱ्या महायुद्धात सासरे इंग्रजांच्या फौजेतून आगबोटीनं बसऱ्याकडे गेले. माझे यजमान तेव्हा पोटात होते. पुढं तार आली: शिपाई बेपत्ता, मरण पावला असं धरावं. प्रेत नव्हतं म्हणून चुलतदिरांनी दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला आणि ओढ्याकाठच्या दगडावर आत्याबाईंच्या बांगड्या फोडल्या. लढाई तेव्हा अजून चालूच होती. ती संपल्यावर शेजारच्या गावचा एक फौजी हा फोटो घेऊन आला. "बसऱ्याला काढलेला. शेवटचा," एवढंच म्हणाला. अंगणातच उभा राहिला, घरात आला नाही, पुढं केलेलं पाणीसुद्धा प्यायला नाही.

आत्याबाई नातवंडं बघायला आल्यात असं आम्हाला वाटत होतं. नातवंडं त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि त्या त्यांना "व्हय व्हय" म्हणायच्या, तेवढ्यावर दोघांचं भागत होतं. खरं कारण कळलं ते समुद्राकाठी फिरायला नेलं तेव्हा.

"हितनं बसरा कुन्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

यजमानांनी वर उत्तरेकडे बोट दाखवलं. "लांब नाही आई, पण वाट बंद आहे. कुवेतची लढाई झाल्यापासून तिकडं कुणी जात नाही."

"मला येकदा त्या मातीवर फूल टाकायचंय. कुटं पुरलंय का जाळलंय, तेवढं कळलं तरी बास. मग मी मोकळी."

त्या रडल्या नाहीत, पण यजमानांना ते लागलं. बाप न बघितलेला माणूस. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी याच्याच हातात देत, कारण हा लढाईत मेलेल्याचा मुलगा. बापाची त्याच्याकडे तेवढीच इस्टेट होती.

त्यांच्या कंपनीत निवृत्तीला टेकलेला एक इंग्रज इंजिनिअर होता. त्याला जुने फौजी फोटो ओळखायचा नाद. विलायतेहून ओळखीपाळखीचे लोक त्याला आज्या-पणज्याचे फोटो पाठवत आणि हा टोपी, पट्टा, बटण बघून पलटण कुठली, काळ कुठला ते सांगे. पलटण कळली की इराकमधल्या स्मारकावर नाव आहे का ते विचारता येईल, असं त्यानं यजमानांना सांगितलं होतं. एका शुक्रवारी आम्ही तिघं त्याच्या घरी निघालो. ते दिवस बहारीनमध्येही बरे नव्हते, गावांच्या तोंडाशी टायर जाळलेले असायचे, म्हणून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून गेलो. आत्याबाईंनी फोटो टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता.

त्यानं चौकट उघडू का म्हणून विचारलं. आत्याबाईंनी स्वतः हार काढला, कपाळाला लावला आणि ओटीत घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की फोटो सगळा पिवळा पडला होता, पण हाराखालचा छातीचा पट्टा तसाच गडद राहिला होता. इतकी वर्षं घरातल्या कुणीच तेवढा भाग बघितला नव्हता. मेलेल्या माणसाचा हार काढून फोटो बघायची आमच्यात रीत नाही.

साहेब भिंग घेऊन पायापासून वर चढत गेला. पिंढऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, जाड सुती पट्ट्याला पितळेची टोकं, खांद्यावरची पितळी अक्षरं. अक्षरांवरून त्यानं पलटण सांगितली तेव्हा यजमानांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. मग भिंग छातीवर आलं आणि तिथंच थांबलं.

"तार कधी आली म्हणालात?" त्यानं विचारलं.

यजमानांनी पुन्हा सांगितलं. साहेब उठला, आमच्या भरलेल्याच कपांत उगीच आणखी चहा ओतू लागला. मग खालच्या आवाजात इंग्रजीत बोलला. दंडावर दोन पट्ट्या, म्हणजे हा नाईक. तारेत तर शिपाई होता. आणि छातीवर पदकांच्या तीन फिती आहेत. तिसरीच्या मधोमध बारीक रेघ आहे, बघा. ते पदक सरकारनं लढाई संपल्यावर काढलं. आधी ते कुणाच्याच छातीवर असणं शक्य नाही.

"पण मग तार?" मी विचारलं.

"एकाच नावाचे चार-चार शिपाई असत एका पलटणीत. चुकीच्या घरी गेलेल्या तारा मला माहीत आहेत."

तार चुकली असेल. पण माणूस का चुकला? घराची वाट त्याला पाठ होती.

यजमान बुडत्यानं काडी धरावी तसं बोलले. "कोट स्टुडिओचा असेल. इथल्या नईमच्या स्टुडिओत नाही का खुंटीवर एक काळा कोट असतो? मी स्वतः तो घालून फोटो काढलाय, मागून चिमटे लावून. गावाला वाटलं पोरगा मॅनेजर झाला."

हे खरं होतं. त्या कोटात निम्म्या बहारीनचे फोटो होते. साहेबही म्हणाला, असं होई, फौजेतही उसने कोट घालून फोटो काढत.

माझ्या नाकावर राग असतो, तो कुठं आवरायचा ते मला कळत नाही. मी म्हटलं, "कोट उसना असू दे. पट्ट्या उसन्या, पदकं उसनी. पण मामंजी त्या कोटात शिरले तेव्हा लढाई संपली होती. तोंड तर उसनं नाही?"

आत्याबाई एकदा साहेबाच्या बोटाकडे, एकदा आमच्या तोंडाकडे बघत होत्या. "सायेब काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

"पलटण सापडली," यजमान म्हणाले. "बसऱ्यालाच गेले बाबा. तिथं स्मारकाच्या भिंतीवर नाव आहे."

आत्याबाईंनी साहेबाला हात जोडले. साहेबानं मान खाली घातली.

घरी आल्यावर यजमानांनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचं आयुष्य सरलं, तिला निवांत जाऊ दे." मी बरं म्हटलं, कारण त्यांचे डोळे लाल झाले होते आणि मला त्यांची दया आली. आईला जपता जपता ते स्वतःलाही जपत होते, हे मला दिसत होतं.

पण पुढच्या दिवसांत आत्याबाई इतक्या हलक्या झाल्या होत्या की बघवत नव्हतं. येत्या शुक्रवारी समुद्रात उत्तरेकडे तोंड करून फूल सोडायचं ठरवलं त्यांनी. वरच्या मजल्यावरच्या म्हसळ्याच्या भाभींकडे कुंडीतली मोगऱ्याची फुलंही सांगून ठेवली. भाभी म्हणाल्या, "इंशाल्ला, त्यांना पोचेल." मला त्या मोगऱ्याचा संताप आला. या बाईच्या कपाळाचं कुंकू पुसलं, हळदीकुंकवाला तिला कुणी उंबऱ्यात उभं केलं नाही, माझ्या लग्नात त्या कोठीच्या खोलीत बसून होत्या. आणि तो माणूस पदकं लावून फोटोसाठी ताठ उभा. जिच्या जन्माचं मातेरं झालं तिलाच तेवढं ठाऊक नसावं, हे मला सोसवेना.

यजमान कामावर गेले होते. आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि सांगितलं. कोट, पट्ट्या, तिसरी फीत, सगळं.

त्यांचा हात परातीत थांबला. त्यांनी एकच विचारलं. "बांगड्या फोडल्या त्याच्या आदीचा फोटू, का मागनंचा?"

"मागनंचा, आत्याबाई."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. उलटायची वेळ आली तरी त्या बघतच राहिल्या. जळका वास सुटल्यावर म्हणाल्या, "म्हनून त्यो फौजी पानी प्यायला न्हाय. मला वाटलं, सुतक पाळतोय."

मी गॅस बंद केला. मला रडू आलं, त्यांना नाही.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यांनी मला मनामाच्या बाजारात न्यायला लावलं. बांगड्यांच्या दुकानातला माणूस रत्नागिरीचा. त्यानं त्यांचं मोकळं कपाळ बघितलं आणि आदबीनं पांढऱ्या धातूच्या दोन साध्या बांगड्या पुढं ठेवल्या.

"हिरव्या दाव. काचच्या," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कामानं त्यांच्या हाताची हाडं रुंदावली होती, बांगडी पंजावरून जाईना. त्यानं साबण लावला, बोटं दुमडून धरली, "आजी, दुखेल जरा," म्हणाला. एक फुटली. त्यांनी दुसरी मागितली. दोन्ही हात भरेपर्यंत त्या काउंटरवर कोपर टेकून उभ्या होत्या आणि दुकानात आलेल्या बायका त्यांच्याकडे टकमक बघत होत्या. कुंकू मात्र त्यांनी लावलं नाही.

यजमान घरी आले. आधी त्यांनी हात बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही.

"आई, हे काय? लोक काय म्हणतील? अगं, तेव्हा असतील जिवंत. आता इतक्या वर्षांनी कुठून असायला? कधीच गेले असतील."

"गेलं आसतील," आत्याबाई म्हणाल्या. "पर ह्या खेपेला त्यांनी सोता येऊन सांगावं. दुसऱ्याच्या सांगन्यावरनं मी पुन्यांदा बांगड्या फोडायची न्हाय."

आणि त्या जेवायला वाढायला उठल्या. ताटं मांडताना काच वाजत होती. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या हातांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

यजमानांनी टीव्हीवर ठेवलेला फोटो उचलून खिळ्याला अडकवला. मग चंदनाचा हार हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. आत्याबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. ते मागं वळून मला म्हणाले, "अगं, हा हार आता घालायचा, की नाही?"