अमावास्येच्या दुपारची नोंद

डॉ. शर्वरी गोठणकर यांची आणि माझी पहिली भेट करावे गावच्या खाडीत, गुडघाभर चिखलात झाली. त्यांच्या हाताखाली संशोधन करता येईल का, हे विचारायला मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. "चपला काढा आणि हा डबा धरा," मॅडम म्हणाल्या. झाली मुलाखत!

खाडीतल्या शिंपल्या हा त्यांचा विषय. चिखल उघडा पडतो ओहोटीला, त्यामुळे त्यांचा दिवस तिथीवर चाले. पुढे कुलगुरू झाल्यावरही त्या बैठका ओहोटी टाळून ठेवत. बिचाऱ्या कुलसचिवांच्या टेबलावर पंचांग आलं.

त्यांची निवड जाहीर झाली तेव्हा मॅडम आणि आम्ही चार विद्यार्थी अशा पाचजणांचा शोधनिबंध छपाईला गेला होता. आमच्या नोंदवह्या चाळताना मॅडम एका नोंदीपाशी थबकल्या. खाडीवर जायचा कंटाळा करून ती मी घरबसल्या ठोकून दिली होती: अमावास्या, दुपारी बारा, चिखलाचा नमुना. त्यांनी आमच्या होडीवाल्या हिरामणदादांना विचारलं, "दादा, अमावास्येला बारा वाजता पाणी कुठवर असतं?"

दादा हसले. "आवसेला बाराला चिखल कुठं हाय बाई? सगलं पानीच हाय."

डॉक्टरेट गेली, हे मी धरूनच चाललो.

"मॅडम, एका नोंदीचं कशाला टेन्शन घेता?" असं सहकारी म्हणत होते. नव्या कुलगुरूंची नाचक्की कुणालाच नको होती. मॅडमनी मात्र निबंध मागे घेतला आणि पहिल्याच प्राध्यापकसभेत सांगितलं, "वह्या तपासणं माझं काम होतं. मी तपासल्या नाहीत." विद्यार्थी कोण, असं कुणीतरी विचारलंच. "ते सांगायचं तर त्याने सांगावं," एवढं बोलून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या.

मला त्यांनी एका शब्दानेही दुखावलं नाही. वर्षभर दर अमावास्येला सकाळच्या ओहोटीला कुलगुरूंची गाडी खाडीकाठी उभी राही आणि त्या माझ्याबरोबर चिखलात उतरत. सगळ्या नोंदी नव्याने झाल्या. मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली. सांगायचं तेवढं राहून गेलं. खरं तर मी घाबरलो.

मॅडमच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात ते सांगतो. ती नोंद माझी होती. माझ्या तिघा सोबत्यांनी इतकी वर्षं विनाकारण संशयाच्या नजरा सोसल्या, त्यांची मी माफी मागतो.

मॅडम, आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. येत्या अमावास्येला डबा मीच धरतो.