फाटक उघडले की लागणारी चांदणी

खांबावरच्या विजेचा मिंधा न होता आपले घर उजळून दाखवणारा माणूस सबंध सातारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो कोरेगावात माझ्या शेजारी राहत होता. या विधानाला ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी माझ्याकडे यावे. मी अजून हयात आहे. लष्करातून निवृत्त झालेले हे ख्रिस्ती हवालदार नाताळच्या रोषणाईसाठी तारेवर आकडा टाकून वीज चोरत, असे एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आजही सांगितले जाते. साफ खोटे. नव्वदीच्या त्या वर्षांत दिवेलागणीला आमच्याकडची वीज हमखास जाई. मग आकडा टाकून त्यांना काय मिळणार होते? रोषणाई चाले ती माझ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, आणि ती बॅटरी दर डिसेंबरात मी स्वतः उचलून नेत असे.

बाकीची करामत मात्र त्यांची. चावीच्या ग्रामोफोनवर तुपाचा रिकामा डबा उभा केलेला, डब्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. डबा फिरू लागला की पट्ट्यांना टेकलेल्या तारांतून वीज जाऊन मोटारींच्या इंडिकेटरचे लाल-पिवळे दिवे कौलांच्या कडेने एकामागून एक पळत सुटत. प्रारंभ गजराच्या घड्याळाने होई. साडेसहाला गजर वाजताच घड्याळामागची चावी फिरे, तिला बांधलेला दोरा गुंडाळला जाई आणि खटका ओढला जाई. "माणसाचा हात लागला तर ते ऑटोमॅटिक कसलं, मास्तर?" असे ते मला विचारत. ग्रामोफोनला दर पाच मिनिटांनी चावी मात्र त्यांनाच द्यावी लागे. हे मी निदर्शनास आणल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

छपरावरची मोठी चांदणी मात्र घड्याळाच्या हुकमतीत नव्हती. तिचा खटका त्यांनी फाटकाच्या बिजागरीत बसवला होता. फाटक उघडे असेल तेवढाच वेळ चांदणी लागे. त्यांची एकुलती मुलगी आखातात नर्स होती. 'पपा, औंदा नक्की येते,' असे तिचे पत्र पाच नाताळ आले, ती आली नाही. "ती आली की तिच्याच हातानं लागाय पायजे," एवढेच ते म्हणत. त्यासाठी नाताळच्या आठवड्यात फाटक साऱ्या जगाला बंद. केक घेऊन येणाऱ्यांनी आणि नाताळची गाणी म्हणणाऱ्यांनी माझ्या अंगणातून भिंत चढून जावे, असा हुकूम होता.

"आवं हवालदार, धोतर फाटंल की माजं!" भिंतीवर अडकलेला एक म्हातारा ओरडला.

"फाटू द्या. म्होरनं एंट्री बंद हाय!"

एका शेळीने ती चांदणी अकरा वेळा लावली, ही हॉटेलातली दुसरी कथा. अकरा नव्हे, दोन. दोन्ही वेळा हवालदार गालाला साबण लावलेल्या अवस्थेत धावत बाहेर आले. शेळीला त्यांनी हाकललेसुद्धा नाही. नुसते रस्त्याकडे पाहत राहिले.

सहाव्या वर्षी मुलगी आली, ती भर दुपारी. तिने फाटक ढकलले, पण लख्ख उन्हात चांदणी लागलेली कुणाला दिसणार? हवालदारांनी वर पाहिलेच नाही. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "लागली, मास्तर." तीन दिवस त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली नाही, ती तिने दिली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती साताऱ्याच्या गाडीला निघाली. तिने फाटक उघडले आणि अंधारात चांदणी झगझगीत पेटली. साऱ्या गोष्टींचा विचार केलेल्या त्या माणसाने, जाणाऱ्यालाही फाटक उघडावेच लागते, एवढा एक विचार केला नव्हता.

म्हातारा हवालदार फाटक लावायला विसरला आणि बॅटरी उतरली, ही हॉटेलातली तिसरी कथा. बॅटरी माझी होती आणि मी तिथे उभा होतो. हवालदार फाटक हाताने उघडे धरून उभे होते.

"हवालदार, फाटक लावा. बॅटरी बसंल."

"कालव्याच्या वळणापतुर दिसती गाडीतनं. असू द्या."

गाडी वळण ओलांडून गेली. त्यानंतरही ते तसेच उभे राहिले. चांदणी पिवळी पडली, मग तांबूस झाली, मग विझली. तेव्हा कुठे त्यांनी फाटक लावले. विसरलेला माणूस फाटक इतक्या हळू लावत नाही.