मागच्या सीलचं साल

गाडीखाली पुठ्ठा टाकायची सवय मला कारखान्यातली. वाळूजला इंजिनं जोडण्यात सगळी नोकरी गेली. गळती कुठं आहे ते पुठ्ठा बरोबर सांगतो. यंदा रोज सकाळी पुठ्ठ्यावर बशीएवढा काळा डाग. पुण्याहून मुलाचा फोन, "बाबा, द्या आता भंगारात. बजाजनगरात रिक्षा मिळतात की."

मिळतात, व्हय. पण डावीकडच्या सीटवर आमची ही बसायची. ती जाऊन वर्ष उलटलं. गाडी गेली की ती जागाही गेली, हे पोराला कुठल्या तोंडानं सांगू? शेवटी मी कबूल केलं, गिअरबॉक्स उतरवायची पाळी आली तर देऊन टाकीन.

माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय, म्हणून गाडी नेहमीच्या गॅरेजात नेली. मिस्त्री खाली शिरला अन् तिथूनच ओरडला, "चाचा, पीछे से आरा तेल. तेल अडवणारं मागचं सील गेलं असंल तर गिअरबॉक्स उतरवावा लागंल. वो सील कब बदले थे?"

माझा हात खिशातल्या फोनकडं गेला. घरी लावायला. मग तसाच खाली आला.

गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडीला कधी काय झालं ते तोंडपाठ. बिलं मी कधी जपली नाहीत. कशाला जपू, ती होती की. गॅरेजातून फोन लावायचा अन् विचारायचं. "क्लच प्लेट? भाचीच्या हळदीला. आपण उशिरा पोचलो, विसरलात का? बॅटरी तुमची दाढ काढली तेव्हा." मी चिडायचो, "अगं, तारीख सांग, तारीख!" तर म्हणायची, "तारखा तुमच्या कारखान्याला. माझ्या घरात माणसं राहतात."

"चाचा, बोलो ना," मिस्त्री.

"थांब रे, घोड्यावर बसून आलास काय?" मी खेकसलो. त्याचा काही दोष नव्हता. मला रडू येत होतं अन् ते दाखवायचं नव्हतं.

स्टुलावर बसलो अन् तिच्याच पद्धतीनं आठवायला लागलो. गिअरबॉक्स उतरवला म्हणजे गाडी मुक्कामाला गॅरेजात. गाडी नाही म्हणजे एस.टी. एस.टी. म्हणजे... सीताफळं! खुलताबादहून येताना मांडीवर सीताफळांची पिशवी, बसमध्ये ही गर्दी, दोन फळं तिच्या नव्या साडीवर फुटली. सगळा घाट उतरेपर्यंत बोलत होती, "गिअरबॉक्स उतरवायला हाच मुहूर्त सापडला व्हय तुम्हाला?" अन् ती फळं न्यायची होती पोराच्या पुण्यातल्या नव्या घरी. म्हणजे सील तेव्हाच बदललेलं, दोन वर्षंसुद्धा झाली नसतील.

"सील नवंच आहे!" मी उठूनच उभा राहिलो. "वरून बघ. मागून गळतंय, पण येतंय वरून."

मिस्त्रीनं इंजिन डिझेलनं धुतलं, कोरडं पुसलं, वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली अन् गाडी चालू केली. थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरीत एक ओली रेघ उमटली, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यातून थेट खाली गिअरबॉक्सपर्यंत. कव्हर काढलं तर आतलं रबरी पॅकिंग कडक होऊन पापडासारखं मोडलं. नवं बसवायला कितीसा वेळ? खाली पुठ्ठा टाकून बघितला, कोरडा. गाडी वाचली. लई दिवसांनी मी मोठ्यानं हसलो, मिस्त्री बघतच राहिला.

बॉनेट लावताना तो म्हणाला, "चाचा, ध्यान में रखना, पॅकिंग यंदा बदल्या."

"ठेवतो," म्हणलं अन् गाडी घरी न नेता खुलताबादच्या रस्त्याला लावली. घाटात आवाज मोकळा होता, तेलाचा वास नव्हता. लक्षात ठेवायचं म्हणून यंदाचं काहीतरी शोधायला लागलो. लग्न नाही, बारसं नाही. सण केला नाही. पोराला सुट्टी मिळाली नाही. दाढासुद्धा दुखल्या नाहीत.

वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली अन् डावीकडं बघून म्हणलं, "हे पॅकिंग कशावरून लक्षात ठेवायचं गं? तुझं जाणंसुद्धा गेल्या सालातलं. यंदा आपल्या घरात काहीच झालं नाही."